माझी वही, आपलं गायरान



इथे समोर बसलेल्या दिल्लीकरांना नमस्कार, आणि इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणांहून मोबाईलवर ऐकणाऱ्या सगळ्यांनाही नमस्कार. माळेचे संयोजक मला म्हणाले, "साहेब, युद्धावर बोला." मी म्हटलं, युद्धावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी वह्यांवर बोलतो.

आपण बसलो आहोत तो कस्तुरबा गांधी मार्ग. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'कर्झन रोड' हेच नाव आहे. याचं एक टोक इंडिया गेटच्या चौकात आणि दुसरं कॅनॉट प्लेसला. याच रस्त्यावर आपलं महाराष्ट्र सदन आहे. सकाळी सातच्या आत इथून पायी गेलात तर आकाशात घारी दिसतील. एखाद्या वडा-पिंपळाला फळं आली असली तर त्यात बेमालूम मिसळून गेलेल्या हरियालांचा थवाही दिसू शकेल. हरियाल, म्हणजे पिवळ्या पायांची हरोळी, हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. सदनाला पत्ता मिळायच्या किती तरी आधीपासून तो या शहरात राहतो आहे. त्याचं कुणी उद्घाटन केलं नाही, एवढाच फरक.

आता प्रश्न असा, की इथे हरियाल होता आणि आहे हे आपल्याला कशावरून कळतं? कुणीतरी पाहिला आणि लिहून ठेवला म्हणून. 'पाहिला' एवढ्यावर भागत नाही. पाहणारा माणूस जातो आणि पाहिलेलं त्याच्याबरोबर जातं. लिहिलेलं मागे राहतं. पण ते कुठे राहतं? कपाटात, ट्रंकेत, माळ्यावर. आणि मग एक दिवस घर बदलायची वेळ येते, मुलं बंगळुरूहून किंवा अमेरिकेहून चार दिवसांच्या सुट्टीवर येतात आणि दारात रद्दीवाला उभा असतो.

रद्दीवरून एक खरी गोष्ट सांगतो. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचलेलं आहे. १८८५ साल, मुंबई. पण हाच ह्यूम त्या काळात हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकार होता. देशभर त्याचे पत्रमित्र होते. कुणी कलेक्टर, कुणी जंगलखात्यातला, कुणी पलटणीतला डॉक्टर. हे लोक आपापल्या ठाण्यावर काय दिसलं ते लिहून त्याला धाडत. १८७२ मध्ये त्याने 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक काढलं. म्हणजे इकडेतिकडे पडलेली पिसं. नाव किती नेमकं आहे बघा. एकेकट्याची टिपणं म्हणजे पडलेली पिसंच, ती गोळा केली तर पक्षी दिसायला लागतो.

ह्यूमला हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहायचा होता. सुमारे पंचवीस वर्षांच्या नोंदी आणि हस्तलिखितं त्याच्या सिमल्याच्या घरात होती. एका हिवाळ्यात तो घरी नसताना नोकराने ते कागद बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. सिमल्याच्या बाजारात त्यांच्या पुड्या झाल्या असतील. ह्यूमने महाग्रंथाचा नाद सोडला. आपला पक्ष्यांचा संग्रह, ८० हजारांहून अधिक नमुने, त्याने लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. उरलेल्या टिपणांवरून घरटी आणि अंडी यांबद्दलच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती ओट्स नावाच्या माणसाने काढली. पण मूळ स्वप्न गेलं ते गेलंच.

यात गंमत अशी, की जे 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापून लोकांच्या हाती गेलं होतं ते वाचलं. आजही ते वाचता येतं. जे एका माणसाच्या, एका घरातल्या, एका कपाटात होतं ते गेलं. आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा मुद्दा यात आला. पुढचं सगळं त्याचा तपशील आहे.

जुन्या गावात गायरान असायचं. गावाची सामाईक जमीन. तिथे कुणाचीही गाय चरू शकते, पण तिथे कुणी घर बांधायचं नाही. बांधलं तर पंचायत बसते. तशी माहितीची सामाईक जागा आज इंटरनेटवर करता येते. जमिनीच्या गायरानापेक्षा तिचं एक बरं आहे. गाय चरली की गवत कमी होतं. नोंद कुणी वाचली म्हणून कमी होत नाही. इथे धोका चरण्याचा नाहीच. कुणी गवत पेरलंच नाही, हा धोका आहे.

ही कल्पना परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्या मुंबईकडे चला. १५ सप्टेंबर १८८३. मुंबईत आठ माणसं जमली. सहा इंग्रज आणि दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले, तर्खडकरांच्या घरातले. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. उद्देश काय लिहिला? निसर्गाबद्दलची टिपणं आणि निरीक्षणं एकमेकांना देणं-घेणं आणि जमवलेले नमुने दाखवणं. बस्स. मोठा शब्द एकही नाही. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, सोसायटीचं जर्नल सुरू झालं ते आजही चालू आहे. आठ माणसांच्या वह्या एकमेकांसमोर उघडल्या गेल्या, एवढ्यावर ते उभं राहिलं.

दिल्लीचंही सांगतो. १९५० साली इथे पक्षी पाहणाऱ्यांची एक संस्था निघाली, दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी. तिच्या मागे होरेस अलेक्झांडर होते. हे क्वेकर पंथाचे, गांधीजींचे स्नेही. चार वर्षांनी या संस्थेने दिल्लीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक काढलं, ते होतं मेजर जनरल हटसन यांचं. युद्धाच्या धामधुमीत, १९४३ ते ४५ या काळात दिल्लीत नेमणूक असताना या गृहस्थांनी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. आमच्या दख्खनचं तर आणखी जुनं. मुंबई फौजेतला कर्नल साईक्स दख्खनभर फिरला आणि १८३२ मध्ये त्याने तिथल्या पक्ष्यांची यादी छापली. एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. सांगायचं कारण, लोकांना वाटतं फौजी माणूस आणि पाखरं यांचा काय संबंध! संबंध असा की फौजी माणसाला दोन गोष्टी भरपूर मिळतात. आडबाजूच्या जागा आणि वाट पाहत बसणं. पाखरं बघायला आणखी काय लागतं?

मीही त्यातलाच. १९८२ पासून निवृत्तीपर्यंत माझ्या अकरा वह्या झाल्या. जम्मूकडच्या, आसामातल्या, राजस्थानातल्या. आमच्या सौभाग्यवती त्यांना 'सवती' म्हणतात. निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून मी त्यातलं जे देण्याजोगं होतं ते एका सामाईक भांडारात भरलं. त्या अनुभवावरून आता कामाचं बोलतो.

ज्या भांडारात मी भरलं त्याचं नाव ई-बर्ड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीबरोबर ते २००२ मध्ये सुरू केलं. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत त्याचा वापर फार वाढला. पक्ष्यांची नावं त्यात मराठीतही पाहता येतात. करायचं काय? सकाळी फिरायला निघालात, किती वाजता निघालात ते लिहायचं, किती चाललात ते लिहायचं आणि दिसलेला, ऐकू आलेला प्रत्येक पक्षी किती संख्येने होता ते लिहायचं. ही झाली तुमची यादी. ती तुमचीच राहते, तुमच्या नावावर. पण त्याच वेळी ती सगळ्यांच्या कामी येते. हे मला फार आवडलं. इथे दान करून हात रिकामे होत नाहीत. तुमची वही जास्त नीट ठेवली जाते आणि त्यातून आपोआप सामाईक भांडार तयार होतं. माणसाच्या चांगुलपणावर फार भार टाकणारी व्यवस्था टिकत नाही, हे मी पलटणीत पाहिलं आहे. ज्यात स्वतःचीही सोय आहे, ती टिकते.

आता याचा उपयोग काय झाला? २०२० मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' नावाचा अहवाल निघाला. साडेपंधरा हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी त्यामागे होत्या. २०२३ मध्ये पुढचा अहवाल आला. त्यात सुमारे ३० हजार निरीक्षक, ३ कोटींच्या आसपास नोंदी आणि ९४२ जाती. कुठल्याही सरकारी खात्याने एवढी माणसं पगारावर ठेवली नव्हती. कुणी बँकेतला, कुणी शाळेतली बाई, कुणी कॉलेजचा पोरगा. सकाळी फिरायला जाणारी माणसं.

त्यातून काय कळलं त्याचं एकच उदाहरण घेऊ, चिमणीचं. "चिमण्या संपल्या, मोबाईलच्या टॉवरनी मारल्या," हे वाक्य तुम्ही प्रत्येक लग्नात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की देशभराचा विचार केला तर गेल्या पंचवीस वर्षांत चिमण्यांची संख्या बऱ्यापैकी स्थिर आहे. मोठ्या महानगरांत मात्र ती खरोखरच घटली आहे. म्हणजे मुंबई-दिल्लीचा माणूस खोटं बोलत नव्हता. तो आपल्या खिडकीतून देश बघत होता. एका खिडकीतून एवढंच दिसतं. हजार खिडक्या जोडल्या तर देश दिसतो. आणि त्याच अहवालांनी हेही सांगितलं की ज्यांच्याबद्दल कुणी लग्नात बोलत नाही असे कितीतरी पक्षी झपाट्याने कमी होत आहेत. २०२३ च्या अहवालात ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला. त्यातल्या ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या.

इथे 'काढता आला' या शब्दांकडे लक्ष द्या. ९४२ पैकी ३३८ च का? कारण कल काढायला जुनी नोंद लागते. अहवालाने तुलना केली ती २००० सालाच्या आधीच्या स्थितीशी. त्या काळात प्रत्येकाच्या हातात मोबाईल नव्हता, ॲप नव्हतं. मग २००० च्या आधीची माहिती कुठून आली? वह्यांतून. लोकांनी माळ्यावरच्या वह्या काढून त्यातल्या यादी भरल्या, म्हणून. आजच्या नोंदी उद्याही मिळतील, पण १९८५ च्या नोंदी आता कुणी नव्याने करू शकत नाही. त्या ज्यांच्याकडे आहेत ते साठी-सत्तरीचे आहेत. माझ्या वयाचे. मी घाई का करतो आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

जुन्या मोजणीची किंमत काय असते याचं आणखी एक उदाहरण देतो. गिधाडं. आमच्या लहानपणी मेलेल्या जनावराभोवती गिधाडांची पंगत बसलेली असायची, आठवतं? इतकी होती की त्यांच्याकडे कुणी बघत नसे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभु प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजली होती. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजली आणि त्यांना धक्का बसला. तेव्हा जगाला कळलं की काहीतरी भयंकर चाललं आहे. पुढे कारण सापडलं: जनावरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारताने ते औषध जनावरांसाठी बंद केलं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली होती. विचार करा, सर्वत्र दिसणारा पक्षी मोजायचं त्या माणसाला आधी सुचलं नसतं तर? "पूर्वी जास्त होती हो," असं म्हणणारे शेकडो भेटले असते. कागद एकही नसता.

आता कामाचा भाग. सामाईक भांडारात चालेल अशी नोंद कशी करायची? तरुण अधिकाऱ्याला गस्तीवरून आल्यावर खबर द्यायला शिकवतात, तीच पद्धत इथे लागते. काय पाहिलं? किती? कुठे? केव्हा? ते काय करत होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे मी पाहिलं, की मला कुणी सांगितलं, की माझा अंदाज आहे? या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. 'डोंगरावर हालचाल दिसली' ही खबर आहे. 'शत्रू चढाईच्या तयारीत आहे' हा अंदाज आहे. अंदाज चुकला तर चालतं, पण खबर आणि अंदाज यांची खिचडी झाली तर वरचा अधिकारी दोन्ही टाकून देतो. वहीचंही तसंच. "आज तळ्यावर खूप बदकं" ही ओळ सुंदर असेल, पण 'खूप' म्हणजे चाळीस की चार हजार? वीस वर्षांनी वाचणाऱ्याला ते कोण सांगणार?

दुसरी गोष्ट. जे दिसलं नाही तेही लिहा. म्हणजे कसं? तासभर चाललो आणि दिसलेलं सगळं लिहिलं, काही वगळलं नाही, असं यादीवर नमूद करायचं. मग त्या यादीत चिमणी नसेल तर तासभरात चिमणी दिसली नाही असा त्याचा अर्थ होतो. जुन्या वह्यांचा मोठा दोष हा, की लिहिणारे हौशी. दुर्मीळ पक्ष्यावर दोन पानं आणि कावळा, साळुंकी यांचं नाव नाही. रोजचं आहे, त्यात काय लिहायचं! गिधाडंही एके काळी रोजचीच होती.

आता तुमच्या मनातल्या शंका. अशा बैठकांत त्या मला नेहमी विचारतात.

पहिली: "कुणीही काहीही भरेल, मग विश्वास कसा ठेवायचा?" रास्त शंका आहे. त्यासाठी दोन चाळण्या असतात. एक यंत्राची. एखाद्या भागात एखाद्या महिन्यात न दिसणारा पक्षी कुणी भरला, किंवा दहाच्या जागी हजार लिहिले, की यंत्र लगेच विचारतं, नक्की ना? दुसरी चाळणी माणसाची. त्या-त्या भागातले जाणकार स्वयंसेवक अशा नोंदी तपासतात, फोटो मागतात, प्रश्न विचारतात. नोंद पटली नाही तर ती तुमच्या यादीत राहते, पण सामाईक हिशेबात धरत नाहीत. यात मला फार शहाणपण दिसतं. माणसाचा अपमान नाही आणि भांडारात भेसळ नाही. आपल्या कुठल्याही मंडळात हे दोन्ही एकदम साधत नाही, हे तुम्ही जाणताच.

दुसरी शंका: "सगळं उघड करणं धोक्याचं नाही का?" आहे. मी फौजी आहे, हे मी कसं नाकारू? माझ्या सरहद्दीवरच्या ठाण्यांच्या नोंदी मी दिल्याच नाहीत. कुठे, कधी, किती दिवस होतो, हे त्या तारखांवरून कळतं. त्या वहीतच राहिल्या. पक्ष्यांचंही तसंच. ज्या जातींना शिकारीचा किंवा पिंजऱ्याच्या व्यापाराचा धोका आहे, अशा काही जातींची नेमकी जागा ई-बर्ड सर्वांना दाखवत नाही. घुबडाच्या घरट्याचा पत्ता कुणालाही सांगू नये, हे आमच्याकडे पोरासोरांनाही शिकवतात. गायरान सामाईक असतं याचा अर्थ त्याला नियम नसतात असा नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर. सामाईक मालमत्ता नेहमी उजाड होतेच असं नाही, जिथे वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि स्वतः पाळले तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्यांनी देशोदेशीची उदाहरणं देऊन दाखवलं.

आणि काही गोष्टी आज गुप्त असतात, उद्या नसतात. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण मंजूर केलं की पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या आणि तत्सम कागद इतिहास विभागाकडे द्यायचे आणि साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे. फौजेला जर ठरवता येतं की केव्हा काय उघडायचं, तर आपल्याला घरच्या वहीबद्दल का ठरवता येऊ नये?

तिसरी शंका: "हे भांडार अमेरिकेत आहे. आपला माल परक्याच्या कोठारात का?" मला हा प्रश्न आवडतो, कारण त्यात स्वाभिमान आहे. माझं उत्तर असं. ह्यूमचे नमुने लंडनला गेले, ते बघायला आजही इंग्लंडला जावं लागतं. इथे तसं नाही. तुमची यादी तुम्ही केव्हाही उतरवून घेऊ शकता आणि अभ्यासासाठी सगळी माहिती मागणी करून विनामूल्य मिळते. भारताचे अहवाल भारतातल्या संस्थांनी, भारतातल्या अभ्यासकांनी केले. तरीही एक प्रत आपल्याजवळ हवीच. कुठल्याही दारूगोळ्याचा एकच साठा ठेवत नाहीत. वही जपा, तिचे फोटो काढा आणि मग भरा.

आता पाखरं जरा बाजूला ठेवू. इथे बसलेल्या सगळ्यांना पाखरांत रस असेल असं नाही. पण वही प्रत्येक घरात आहे.

वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडले ते कशासाठी? लोकांच्या घरातली दप्तरं बघायला. कुणा सरदाराच्या, कुणा कारकुनाच्या, कुणा भिक्षुकाच्या माळ्यावरची. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. पानिपतापर्यंतची. पुढे असे बावीस खंड झाले. इथून पानिपत गाडीने दोन तासांवर. त्या मोहिमेत धान्याची काय दशा होती, पैसा कसा संपत होता, हे आज आपल्याला कळतं ते त्या काळच्या माणसांनी घाईत लिहिलेल्या पत्रांतून. लिहिताना त्यांनी इतिहास लिहिला नव्हता, कामाचं लिहिलं होतं. राजवाडे पोचायच्या आधी वाळवीने आणि वाण्याने किती नेलं, त्याचा हिशेब कोण देणार?

आणि ज्यांच्या घरात कागदच नव्हता त्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी आणते आहे. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. मला हे सगळ्यात मोठं वाटतं. या रस्त्याच्या टोकाला, इंडिया गेटजवळ, २०१९ पासून राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं आहे. त्याच्या भिंतींवर २५ हजारांहून जास्त नावं आहेत. एकेक नाव वेगळं, सुटं. तिथे नुसतं 'अनेक वीर' असं लिहून भागलं नसतं, हे कुणालाही पटेल. मग सामाईक भांडारातही 'अनेक बायका' का? ज्याने दिलं त्याचं नाव राहिलंच पाहिजे. सामाईक म्हणजे निनावी नव्हे.

विकिपीडिया आहेच, असं तुम्ही म्हणाल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि त्यात लिहिणाऱ्यांना माझा सलाम. पण तिथला नियमच आहे की स्वतःचं निरीक्षण तिथे चालत नाही, आधी कुठेतरी छापलेलं लागतं. ज्ञानकोशाला तो नियम योग्यच आहे. म्हणून तर जे कधी छापलंच गेलं नाही त्याच्यासाठी वेगळी जागा लागते. शेतकऱ्याने वीस वर्षं ठेवलेला पावसाचा हिशेब, विहिरीच्या पाण्याची पातळी, आंब्याला मोहोर आला ती तारीख, कुणा परिचारिकेची लसीकरणाची टिपणं, बेळगाव किंवा बडोद्याच्या घरातल्या आजीची लोणच्याची वही, तिच्यातल्या अर्ध्या शब्दांवर कानडी-गुजराती रंग चढलेला. दिल्लीतल्या मराठी घरांत तर कितीतरी. पहाडगंज, करोलबागेत राहिलेल्या जुन्या कारकुनांनी लिहिलेले घरखर्च. १९५५ मध्ये ज्वारीचं पीठ इथे कुठून आणायचे आणि काय भावाने, हे कुठल्याच ग्रंथात मिळणार नाही. त्या वहीत मिळेल.

तुम्हाला एक काम देऊन थांबतो. फौजी माणूस काम दिल्याशिवाय खाली बसत नाही.

या रविवारी घरातली एक वही काढा. एकच. स्वतःची, वडिलांची किंवा आजीची. पहिल्या पानावर पेन्सिलने लिहा: कुणाची, कुठली, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. मग मोबाईलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, पान सपाट धरून. घरातल्या सगळ्यांना विचारा, यातलं काय बाहेर द्यायचं, काय नाही. घरचं दुखणं, उधारी, भांडणं, दुसऱ्या माणसाच्या खासगी गोष्टी बाजूला ठेवा. ज्याचं आहे तो हयात असेल तर त्याची परवानगी घ्या. उरलेलं ज्या भांडारात शोभेल तिथे द्या. पक्षी असतील तर ई-बर्डवर. बाकीच्यासाठी तुमच्या गावातलं वाचनालय, विद्यापीठ, इतिहास मंडळ यांच्या दारात जा. त्यांनी नकार दिला तर आठ माणसं जमवा. १८८३ मध्ये तेवढीच होती.

आणि ज्यांच्याकडे जुनी वही नाही त्यांनी नवी करावी. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, भारत त्यात २०१३ पासून आहे. पंधरा मिनिटं लागतात. पण फेब्रुवारीची वाट कशाला बघायची? इथून बाहेर पडाल तेव्हा अजून थोडा उजेड असेल. रस्ता तोच, कस्तुरबा गांधी मार्ग. घड्याळ बघा, वर बघा आणि मोजा. घारी किती, कावळे किती. कावळे विसरू नका.

जय हिंद. जय महाराष्ट्र.